बॅटरीतलं तळं

इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी आपणच घालायचं, असं बाबांनी सुट्टीच्या दुपारी ठरवलं, तेव्हा घरात कुणाचंच त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. घोटाळा झाला तो तिथेच.

बाबा नकाशे काढायच्या कचेरीत होते. नदीचं वळण काढता काढता ते त्या नदीकाठी जाऊन बसत आणि साहेबांनी तिसरी हाक मारली की नाइलाजाने परत येत. कचेरीत त्यांना ‘तंद्रीसाहेब’ म्हणत. (बाबांना ते कौतुक वाटे.)

त्या दिवशी चारला लेकीची नोकरीसाठी मुलाखत होती, घरूनच, कॉम्प्युटरवर. तिला आपली रेखाटनंही पडद्यावर दाखवायची होती. नेमकी दुरुस्तीसाठी दुपारी वीज जाणार होती, म्हणजे सगळी मदार जिन्याखालच्या इन्व्हर्टरवर. लेकीसाठी एवढं तरी करावं, असं बाबांच्या मनाने घेतलं.

सुरुवात तर झकास झाली. त्यांनी इन्व्हर्टर बंद केला, प्लग काढला, हातमोजे चढवले. (भांडी घासायचे, गुलाबी.) तारा सोडवून टोकांवरचा पांढरट थर ब्रशने साफ केला. मग झाकण उघडून डिस्टिल्ड वॉटर ओतायला घेतलं. जिन्याच्या खिडकीतला उजेड आत पाण्यावर थरथरला. पाणी किती झालं ते दाखवणारी इवलीशी काडी तरंगत वर येऊ लागली आणि बाबांना ती होडीच वाटली. सावकाश डुलत निघालेली. काठावर गवत, गवतावर ऊन, कुठे आवाज नाही. होडी वर आली, पाणी वर आलं, काठ ओलांडून वाहू लागलं, तरी बाबा वल्हवतच होते. पायाला गार लागलं तेव्हा तर त्यांना फारच बरं वाटलं.

मग चुरचुरलं.

आम्लाचं पाणी! बाबा न्हाणीघराकडे धावले. पाय नळाखाली, पँट बादलीत. टॉवेल गुंडाळून परत आले, घाईघाईने तारा अडकवल्या आणि इन्व्हर्टर चालू केला. थोड्याच वेळात वीज गेली. पंखा फिरत राहिला. बाबांनी विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिलं. लेकीने कॉम्प्युटर लावला आणि इन्व्हर्टर ‘पीं’ करून गप्प झाला.

आईने मेकॅनिकला फोन लावला. पलीकडच्या खोलीत पडलेल्या आजींना अर्धंच ऐकू येत होतं.

“हो हो, पाणी जास्तच झालंय. नाही, तसा शांत असतो. पण थोडं काम दिलं की ओरडतो आणि बंद पडतो.”

“लहानपणापासून असाच आहे गं तो!” आजी आतून म्हणाल्या. “डॉक्टर काय म्हणतायत?”

“बदलून टाकावा लागेल का?” आईने फोनवर विचारलं.

“अगं, इतक्या वर्षांनी?” आजी काठी शोधू लागल्या.

टॉवेलातले बाबा दोघींकडे आळीपाळीने बघत राहिले. नक्की कुणाबद्दल चाललंय, हे त्यांनाही कळेना.

लेकीने आईच्या हातून फोन घेतला, मेकॅनिकचं ऐकलं आणि वळली. “बाबा, तारांचे नट आवळलेस?”

“आवळणारच होतो. पण मधेच पँट...”

“बाबा, तू पायरीवर बस. कशालाही हात लावू नकोस.”

बाबा बसले. तिने इन्व्हर्टर बंद केला, आईने प्लास्टिकच्या पिचकारीने वरचं पाणी काढून घेतलं, मग लेकीने सांडलेलं नीट पुसून दोन्ही नट पान्याने आवळले. कॉम्प्युटर लागला तेव्हा चारला जेमतेम दोन मिनिटं उरली होती. दार बंद झालं. बाबा पायरीवरच बसून राहिले. (हातमोजे अजून हातातच होते.) बराच वेळ गेला आणि आतून खळखळून हसण्याचा आवाज आला. एकाचा नव्हे, चारपाच जणांचा.

आठवड्याने नोकरी मिळाल्याचं कळलं.

“त्यांना सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर तुझी गोष्ट, बाबा,” लेक म्हणाली. “बॅटरीची सगळी हकिकत सांगितली मी.”

बाबांचा ऊर भरून आला. त्यांनी चष्मा पुसला. वडिलांचे संस्कार, कामाची जिद्द, असं काहीतरी विचारलं असणार.

“काय होता गं प्रश्न?” त्यांनी हळूच विचारलं.

“आपत्ती व्यवस्थापनाचा काही अनुभव आहे का?”