पुढचे दोन, मागचे दोन

हिवाळा निसर्ग सुरू करतो हे खरे असले, तरी त्याची अंमलबजावणी माणसांनाच करावी लागते. स्मोल्यानसारख्या डोंगरातल्या गावात ही अंमलबजावणी नोव्हेंबरात सुरू होते. तिचे मुख्य भाग दोन: तळघरातल्या पिंपात कोबी खारवणे आणि गाडीला हिवाळी टायर बसवणे. कोबीबाबत गावात फारसे मतभेद नाहीत. (मीठ किती, यावरून एक घटस्फोट झाला होता, पण त्याला इतरही कारणे होती.) टायरच्या बाबतीत मात्र प्रत्येक प्रौढ नागरिकाला स्वतःचे असे ठाम मत असते, आणि ते मत दुसऱ्याच्या गाडीवर लावून पाहण्याची उत्तम प्रथा गावाने जपलेली आहे.

या प्रथेचा लाभ ल्युदमिलला मिळाला. ल्युदमिल शाळेत मुलांना क्लॅरिनेट शिकवायचा. स्वभावाने इतका मवाळ, की बेसूर वाजवणाऱ्या मुलाचीही तो आधी माफी मागायचा. घरात बायको झ्लात्का, सासूबाई त्सोन्का आणि दारात एक छोटी लाल गाडी. इंजिनाचा जोर या गाडीच्या पुढच्या दोन चाकांना मिळे. मागची दोन नुसती बरोबर येत. (आमच्या बऱ्याच सरकारी खात्यांची रचना अशीच आहे.)

एरवी त्याने जुन्या टायरवर आणखी एक हिवाळा काढला असता. पण त्या वर्षी सासूबाईंना रोझेनचा घाट ओलांडायचा होता.

घाटापलीकडे चेपेलारेत त्यांचा मुलगा निकोला राहायचा. वडील गेल्यावर चाळिसाव्या दिवसाच्या विधीला तो आला नव्हता. रस्ता खराब होता, असे त्याने फोनवर सांगितले. सासूबाईंनी जन्मभर क्रेन चालवली होती. वाऱ्यात, पावसात आणि एकदा तर दात दुखत असताना. रस्ता खराब असणे हे कारण होऊ शकते, हे त्यांना मान्य नव्हते. त्यांनी फोन ठेवला तो सहा वर्षे उचलला नाही. या वर्षी निकोलाने बहिणीकरवी निरोप धाडला, की संत निकोलाच्या दिवशी, म्हणजे त्याच्या नावाच्या सणाला, आईने जेवायला यावे. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी बाजारातून मोठा कार्प मासा आणला आणि ल्युदमिलला बोलावले.

"जावईबापू, मी जाणार आहे. पण रस्ता खराब होता असं मला त्याला सांगायला लागलं, तर तुमच्या घरात मी पुन्हा जेवणार नाही."

ल्युदमिल गाडीचे टायर बघायला खाली गेला. ते इतके गुळगुळीत झाले होते, की त्यात पाहून दाढी करता आली असती. चार नवे घ्यायचे, तर गरम पाण्याचा नवा बंब पुढच्या वर्षावर ढकलावा लागणार होता. म्हणजे अंघोळ की घाट, असा प्रश्न उभा राहिला. आणि असा प्रश्न घेऊन माणूस इमारतीच्या जिन्यात थांबला, की समिती आपोआप स्थापन होते.

समितीचे अध्यक्षपद निवृत्त इंजिनिअर पानायोत यांच्याकडे गेले. त्यांची सगळी नोकरी धरणावर झाली होती, म्हणजे न हलणाऱ्या वस्तूंचा त्यांचा अनुभव दांडगा होता. दुसरे सदस्य टॅक्सीवाला गेन्को. ते आयुष्यात सात वेळा घसरले होते, आणि या भांडवलावर बर्फाविषयी अधिकाराने बोलत. पानायोत म्हणाले, ओढणारी चाके पुढची, तेव्हा दोनच हिवाळी टायर घ्यावेत आणि पुढे बसवावेत. मागच्या चाकांना काही काम नाही, त्यांच्यावर खर्च करणे म्हणजे उधळपट्टी. गेन्को म्हणाले, दोनच घ्यावेत हे बरोबर, पण बसवावेत मागे, कारण गाडी घसरते ती मागून. चर्चा तीन संध्याकाळ चालली. झ्लात्काने एकदा वरून वाकून विचारले, की चारच का घेत नाही? या सूचनेची नोंद घेण्यात आली. अखेर पानायोत यांचा पक्ष विजयी झाला, कारण गेन्कोंना भाडे आले.

टायरवाला असेन याचे मत विचारात घेतले गेले नाही. तो 'चार' म्हणाला होता. पण तो टायरच विकत असल्यामुळे त्याला टायरमधले काही कळत असेल, असे समजणे योग्य झाले नसते. समितीने सांगितल्याप्रमाणे त्याने दोन टायर पुढे बसवले आणि तो म्हणाला, "मागून कोणी ओळखीचं येतंय का, बघत जा. बहुतेक तुमचीच गाडी असेल."

निघायच्या दिवशी पानायोत यांनी सिद्धान्तात एक सुधारणा केली: मागच्या चाकांवर वजन असावे. तेव्हा डिकीत बटाट्यांची दोन पोती टाकण्यात आली आणि मागच्या आसनाच्या बरोबर मध्यावर सासूबाईंची नेमणूक झाली. त्यांच्या मांडीवर अक्रोड भरून भाजलेल्या माशाचे ताट होते. वजन म्हणून आपल्याला बसवले आहे हे त्यांना कळले होते. क्रेनवर चढताना बांधायच्या तसा रुमाल त्यांनी डोक्याला घट्ट बांधला.

चढावर सिद्धान्त शंभर टक्के खरा ठरला. पुढची चाके बर्फ असा पकडत होती, की ल्युदमिल चक्क शीळ घालू लागला. माथ्यावर पोचल्यावर त्याने पानायोत यांना फोन करून अभिनंदन केले. मात्र सिद्धान्त चढाचा होता. उतारासाठी वेगळी बैठक बोलावलेली नव्हती.

पलीकडच्या दुसऱ्याच वळणावर त्याने ब्रेक दाबला. पुढची चाके आज्ञाधारकपणे थांबू लागली. मागच्या चाकांना तसा काही आदेश पोचला नाही. त्या वळणावर बटाटे, सासूबाई आणि मासा यांनी पुढच्या आसनावरच्या मंडळींना शांतपणे ओलांडले. गाडी गोल फिरली, शेपटीकडून खाली घसरत गेली आणि बर्फाच्या ढिगाऱ्यात धप्पकन रुतून बसली. कोणाला खरचटलेही नाही. गाडीचे तोंड आता स्मोल्यानकडे होते. मासा मात्र ताटातल्या ताटात फिरला होता. त्याचे तोंड अजून चेपेलारेकडेच होते.

शेजारी बसलेली झ्लात्का नवऱ्याला म्हणाली, "घरी गेल्यावर बोलू." हे वाक्य ल्युदमिलला घाटापेक्षा जास्त भीतिदायक वाटले.

ढिगाऱ्याच्या थोडे खाली आणखी एक छोटी गाडी उभी होती, त्याच कंपनीची, तीही तोंड वर करून. तिची पुढची चाके जिवाच्या आकांताने जागच्या जागी फिरत होती. गाडी तसूभरही हलत नव्हती. दार उघडून निकोला उतरला. त्यानेही दोनच हिवाळी टायर घेतले होते; पण चेपेलारेतल्या समितीत मागच्या चाकांचा पक्ष सत्तेवर होता.

सासूबाईंनी काच खाली केली. सहा वर्षांत मुलाचे केस विरळ झाले होते.

"पाहुणे घरी आणि तू इथे?"

"उशीर झाला तुम्हाला," निकोला म्हणाला. "म्हटलं, या वेळी घाट मी चढावा."

"मग चढला का नाहीस?"

निकोलाने बहिणीकडे पाहिले, मग चाकांकडे, मग बुटांच्या टोकाकडे. "रस्ता…" एवढे म्हणून तो थांबला. पुढचा शब्द उच्चारण्याची त्याची हिंमत होईना. ल्युदमिलनेही स्टिअरिंगवर डोके टेकले.

सासूबाईंनी मान बाहेर काढून रस्ता वरपासून खालपर्यंत नीट पाहिला.

"खराब आहे," त्या म्हणाल्या.

निकोलाने खिडकीतून आत हात घातला आणि आईच्या डोक्यावरचा सैल झालेला रुमाल सरळ केला. काही तरी करायला हवे होते आणि त्याला दुसरे काही सुचले नाही.

यानंतर मेहुणे-मेहुण्यांत टायर पुढे बरे की मागे, यावर वाद सुरू झाला. दोघांची बोटे गारठली, तरी कोणी माघार घेईना. शेवटी गाडीतून सासूबाईंचा आवाज आला, "दोघांचे मिळून चार होतात का बघा." दोघांनी मोजले. चार होत होते. (पानायोत हजर नसल्यामुळे बेरजेवर मतभेद झाला नाही.) मग चारही हिवाळी चाके एका गाडीला लावायचे ठरले. सासूबाई उतरायला तयार नव्हत्या, म्हणून त्या बसलेल्या गाडीला. जॅक लावून ती उचलली, तेव्हा त्या माशासकट वर गेल्या आणि तिथून दोन्ही पुरुषांना नट कसे आवळायचे ते सांगत राहिल्या.

चौघे त्या गाडीतून चेपेलारेत पोचले, तोवर पाहुण्यांनी घरचा मासा संपवला होता. मग सासूबाईंचा मासा कापला गेला. पहिला तुकडा त्यांनी निकोलाच्या ताटात वाढला आणि काटे बघून खा म्हणाल्या. निकोलाचे वय बेचाळीस होते. त्याने काटे बघून खाल्ले.

पुढे स्मोल्यानमध्ये या घटनेचा सखोल अभ्यास झाला. पुढचे दोन घेतलेली गाडी चढावर यशस्वी ठरली होती आणि मागचे दोन घेतलेली गाडी अजिबात घसरली नव्हती (ती चाललीच नव्हती, हा मुद्दा गौण मानला गेला). त्यामुळे दोन्ही सिद्धान्त सिद्ध झाले. समितीने शिफारस केली, की प्रत्येक कुटुंबाने दोनच टायर घ्यावेत आणि घाटापलीकडे एक नाराज नातेवाईक राखावा. त्या हिवाळ्यात निदान चार घरांनी नातेवाईक नाराज केल्याचे ऐकिवात आहे. ल्युदमिलने मात्र गुपचूप जाऊन आणखी दोन टायर घेतले. तो आता थंड पाण्याने अंघोळ करतो, आणि त्याचे चुकले कुठे, हे त्याला जिन्यात रोज समजावून सांगितले जाते.

आता तुमच्याविषयी. तुमच्या गावी थंडी पडते ती कानटोपी घालण्याइतपत. बर्फ तुम्ही पाहिला तो फ्रीजमध्ये किंवा उसाच्या रसात. तरीही वाचता वाचता, ते दोन टायर नेमके कुठे बसवायला हवे होते, हे तुम्ही मनाशी पक्के ठरवून टाकले आहे. एवढी पात्रता आमच्याकडे पुरते. समितीवर तुमची नियुक्ती झालेली आहे. कोणाची गाडी, ते नंतर कळवण्यात येईल.