तोंड किंचित उघडं ठेवा

दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसणाऱ्या कानसेनने शुक्रवारी संध्याकाळी घरी निघता निघता एक मेसेज पाठवला, आणि शनिवारी सकाळी तो दाराचं कुलूप काढतोय तोवर आतला फोन कोकलायला लागला.

"हॅलो, मी चपलांच्या दुकानातून बोलतेय. ते पाठीवर आडवं व्हायचं, ते तुमच्याकडे येऊन की घरीच?"

"कसलं आडवं?"

"अहो, तुम्हीच नाही का कळवलंत? आणि पहिली अकरा मिनिटं त्रास होईल म्हणता, म्हणजे भूल देत नाही की काय?"

कानसेनने घाईघाईने मोबाइल उघडला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

कानसेन हे नाव त्याला पेशंटांनी ठेवलं होतं, कारण हाक मारली की कानातून काहीतरी उपसून काढल्याशिवाय तो 'ओ' देत नसे. गेली अठरा वर्षं त्याला एकच नाद होता. जगात कुठेतरी, कुणीतरी, कुणी ऐकावं अशी अपेक्षा न ठेवता केलेलं संगीत शोधून काढायचं आणि ते लोकांना ऐकायला सांगायचं. बंदरातल्या भोंग्यांची मैफल, मधमाश्यांच्या पोळ्यात सोडलेला मायक्रोफोन, तीस शिवणयंत्रं आणि एक बासरी. दर शुक्रवारी तो अशी एक शिफारस 'पट्टीचे ऐकणारे' या यादीला पाठवायचा. यादीत नऊ जण होते. पैकी चार नात्यातले होते, त्यामुळे त्यांना सुटका नव्हती. नऊच्या नऊ जण अंगठा दाखवायचे आणि ऐकत कुणीच नसे. थोरली बहीण तर स्पष्टच म्हणाली होती, "पाठव तू, मी बघते. ऐकायचं मात्र सांगू नकोस बाबा."

मोबाइलमध्ये 'पट्टीचे ऐकणारे' या यादीच्या बरोबर खाली 'पेशंट' ही यादी होती. तिच्यात चारशे माणसं होती. दवाखान्याच्या नावाने त्या चारशे माणसांना गेलेला मेसेज असा होता:

'शनिवार, दुपारी चार. पडदे ओढून घ्या. पाठीवर आडवे व्हा. तोंड किंचित उघडं ठेवा, म्हणजे कवटीत घुमतं. पहिली अकरा मिनिटं त्रास होईल, घाबरून उठू नका. त्यानंतर जे होईल ते जन्मभर विसरणार नाही. शेवट एकोणचाळिसाव्या मिनिटाला, तोही अचानक.'

संगीत हा शब्द त्यात कुठेच नव्हता. पट्टीच्या ऐकणाऱ्यांना तो लिहायची गरज नसते.

अकरा वाजेपर्यंत बावीस फोन झाले. एकाने विचारलं, कवळी काढून यायचं की घालून. एका सासूबाईंनी सुनेला पाठवलं तर चालेल का, अशी चौकशी केली. निवृत्त हेडमास्तरांनी 'किंचित' म्हणजे नेमके किती मिलिमीटर, ते लेखी मागितलं. "चुकून गेलाय हो मेसेज," असं कानसेन घसा फोडून सांगत होता. पण चुकून गेलेला मेसेज इतका तपशीलवार असतो, यावर कुणाचाच विश्वास बसत नव्हता.

साडेअकराला डॉक्टर आल्या. त्यांनी मेसेज दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

"शेवट अचानक? कुणाचा शेवट?"

"गाण्याचा, डॉक्टर. म्हणजे गाणं नाही ते. भूमिगत संगीत."

"भूमिगत म्हणजे?"

"रेडिओवर लागत नाही ते."

"का लागत नाही, ते आज चार वाजता कळेलच," डॉक्टर म्हणाल्या. "अहो, वीस वर्षं मी लोकांच्या मनातली भीती काढतेय. तुम्ही एका ओळीत परत घातलीत. आता जे येतील त्यांना तुमचं ते काय आहे ते ऐकवा, हात जोडा आणि घरी पाठवा. सोमवारी आपण तुमच्या नोकरीचं बोलू."

कानसेनला वाटलं होतं, चार-पाच जण येतील. पावणेचारला वेटिंग रूममध्ये एकतीस माणसं होती. नऊ जणांनी उशा आणल्या होत्या. चपलांच्या दुकानवाल्या बाई चटई अंथरून तयार होत्या. हेडमास्तरांनी पट्टी आणली होती. सगळ्यात शेवटी दारातून वाकून आत आला तो लिफ्ट दुरुस्त करणारा. हा धिप्पाड गडी दहा मजल्यांच्या पोकळीत पट्ट्याला लोंबकळून काम करायचा. पण दाढ काढायच्या खुर्चीतून तीनदा पळाला होता, एकदा तर गळ्यातल्या रुमालासकट.

"मी नुसतं बघायला आलोय," तो गालावर हात धरून म्हणाला. "हात लावायचा नाही."

जमिनीवर जागा उरली नव्हती. आतल्या खोलीचं दार उघडंच होतं आणि आडवं होता येईल अशी एकच वस्तू शिल्लक होती. नाइलाजाने तो त्या खुर्चीवर जाऊन आडवा झाला.

कानसेनने पडदे ओढले. नोकरीचं त्याला वाईट वाटतच होतं, पण त्याहून मोठी धास्ती वेगळीच होती. अठरा वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी खरोखर ऐकणार होतं. त्याने बटण दाबलं.

पहिली अकरा मिनिटं त्रास झालाच. एक करकर, एक घरघर, मधेच शिट्टी. कुणीतरी "मशीन बिघडलंय का?" असं कुजबुजलं. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. आणि मग बाराव्या मिनिटाला, जमिनीखालून यावा तसा, एक खर्ज वर आला. इतका खोल, की आधी तो कानांना कळलाच नाही, पाठीला कळला. खिडकीच्या काचा हलकेच झणझणल्या. त्या खर्जातून एक दुसरा सूर उमलला, त्यातून तिसरा. चपलांच्या दुकानवाल्या बाईंनी शेजारणीचा हात घट्ट धरला. हेडमास्तरांची पट्टी हातातून कधी पडली, त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

कानसेनने हे दोनशे वेळा तरी ऐकलं होतं, पण एकतीस माणसांच्या मधे कधीच नाही. त्याच्या अंगावर सरसरून काटा आला.

डॉक्टर दबक्या पावलांनी आत गेल्या. ज्या तोंडाने तीनदा त्यांना चकवलं होतं, ते समोर उघडं होतं आणि डोळे छताला लागले होते. "भूल देऊन दाढ काढू का?" त्यांनी हळूच विचारलं.

लिफ्टवाल्याने मान न हलवता हात उडवला. "काढा काय काढायचंय ते. आवाज करू नका फक्त."

एकोणचाळिसाव्या मिनिटाला तो सूर एकदम तुटला. बराच वेळ कुणी उठलंच नाही. मग एक उसासा आला, दुसरा आला, आणि माणसं हळूहळू आपापल्या उशा काखेत मारून उभी राहिली. निघताना कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. चपलांच्या दुकानवाल्या बाई एवढंच म्हणाल्या, "बाई गं! एवढं सगळं जगात असतं होय!"

लिफ्टवाला कापसाचा बोळा दाबून काउंटरशी आला. दाढ डॉक्टरांच्या ट्रेमध्ये पडली होती आणि त्याला तिची आठवणही नव्हती.

"कुणाचं आहे हे?" त्याने बोळ्यातून विचारलं.

"कुणालाच ठाऊक नाही. कव्हरवर नुसता दोन डोंगरांचा फोटो आहे. माझ्या मते शंभर पुरुषांचा समूहस्वर असावा. शेवटी टेप संपली असेल," कानसेनने या रेकॉर्डिंगवरचा आपला आठ वर्षांचा अभ्यास सांगितला.

"छे हो. माणसं कुठली? एकच तार आहे ती." लिफ्टवाल्याने दोन्ही हात ताणून दाखवले. "या डोंगरावरून त्या डोंगरावर ओढलेली. वारा वाजवतोय. पहिल्यांदा करकरते, ती ताण घेताना. नंतर एकेक पदर सुटत जातो, म्हणून सूर वाढत जातात. आणि टेप नाही संपली. तार तुटली."

कानसेन खुर्चीत बसला. आठ वर्षं तो स्वतः पडदे ओढून हे ऐकत होता, आणि ती तार त्याला कधी ऐकू आली नव्हती. अंगावर वाऱ्याचा एक मोठा झोत यावा तसं त्याला झालं. शेवटपर्यंत वाजत राहिलेली, वाजता वाजता तुटलेली एक तार.

"तुम्हाला कसं कळलं?" त्याने जवळजवळ कुजबुजत विचारलं.

"रोजचंच आहे. एकेका लिफ्टचा दोर असा गातो, काय सांगू! बाजारामागच्या जुन्या इमारतीतला तर..." त्याने कानाची पाळी धरत डोळे मिटले. "ऐकलाय कधी?"

अठरा वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी कानसेनला काहीतरी ऐकायला सांगत होतं.

सोमवारी नोकरीचं बोलणं झालं, ते फार काही झालं नाही. शनिवारी आलेल्यांपैकी सतरा जणांनी दाढा दाखवायला वेळ मागितली होती आणि ती फक्त दुपारी चारचीच हवी होती. मात्र कानसेनने त्याच दिवशी अर्ध्या दिवसाची रजा मागितली तेव्हा डॉक्टरांनी कारण विचारलं.

"कानाचं काम आहे."

"दातांच्या दवाखान्यात राहून?" असं म्हणत त्यांनी सही केली.

इमारतीच्या अगदी वरच्या खोलीत लिफ्टवाल्याने मोठ्या चाकाजवळ त्याला उभं केलं, झाकण काढलं आणि म्हणाला, "हात लावायचा नाही. नुसतं ऐका." लिफ्ट खाली निघाली, दोर ताणला गेला, आणि सात मजल्यांच्या अंधारातून काहीतरी गात वर आलं. कानसेनने रेकॉर्ड करायला मोबाइल काढला, हातात धरला, आणि चालू करायचा विसरला. लिफ्टवाल्याने ती खाली नेली, वर आणली, परत खाली नेली.

तळमजल्यावरून एक बाई ओरडल्या, "अहो, दार उघडेना! लिफ्ट चालू आहे की बंद?"

लिफ्टवाल्याने कानसेनच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पोकळीत वाकून दबक्या आवाजात सांगितलं, "जिन्याने जा ना मावशी, जरा ऐकू द्या."