"ह्याच्यावाचून नाताळ अडला होता काय?"

डिसेंबर लागला की आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत वॉचमनचं काम फिलोमिना आंटी करतात. गेटजवळच्या बाकावर बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पिशवीत डोकवायचं. आंटी इथल्याच, जुन्या गावठाणातल्या. वय सत्तरीपुढचं, मराठी खणखणीत. पिशवीत काही चमकलं की प्रश्न ठरलेला, "ह्याच्यावाचून नाताळ अडला होता काय?"

मी त्यांची समोरच्या दारातली शेजारीण. आम्ही सावंत, मालवणकडचे. नाताळाशी आमचा संबंध आंटींच्या घरून येणाऱ्या नेवऱ्यांपुरता, म्हणजे त्यांच्याकडच्या करंज्यांपुरता. तरी मुलांच्या हट्टापायी दर वर्षी काही ना काही घरात येतंच. एकदा मी सांताच्या टोप्या, सोनेरी झिरमिळ्या आणि बॅटरीवर नाचणारं हरीण घेऊन आले आणि गेटवर सापडले.

"सण माझा आणि खरेदी तुझी?" आंटींनी हरीण उलटंपालटं करून पाहिलं. "जानेवारीत हे राहणार कुठे?"

"माळ्यावर."

"माळ्यावर गेल्या वर्षीचं झाड आहे. त्याच्या आधीचा फुगवायचा सांता आहे. शिडी मीच धरली होती ना!"

मी मुकाट्याने हरीण दुकानात परत करून आले.

सोसायटीतल्या त्यांच्या चर्चच्या बायकाही म्हणे खरेदी करून येताना मागच्या गेटने येतात. दिवाळी संपली की आंटी आमच्या सोसायटीचा कंदील उतरवू देत नाहीत. "सांगाडा तोच ठेवा रे, कागद बदला, नाताळाची चांदणी तयार!" शेजारच्या सोसायट्यांत भाड्याची रोषणाई असते, बॅटरीवर गाणी म्हणणारा सांता असतो. ते आम्हाला हसतात. हसू देत. वेळूच्या त्याच कामट्यांवर दोन सण साजरे करणारी सोसायटी अख्ख्या बोरिवलीत एकच असेल, आणि हे मी भेटेल त्याला ऐकवते.

आंटींचा एकुलता एक मुलगा रॉनी कॅनडात असतो. दर डिसेंबरला तो तिथून ऑनलाइन काहीतरी मागवतो आणि आंटी दारातूनच कुरियरवाल्याला परत पाठवतात. मग रॉनीचा मला फोन येतो, "वहिनी, मम्मी घेत नाही. तुम्ही घेऊन ठेवा ना, प्लीज." असं करता करता माझ्या घरात तेलाशिवाय तळायचं यंत्र, आपोआप फिरणारा झाडू आणि पाय चेपायचं मशीन जमलं. पाय चेपायचं मशीन मी वापरते, खोटं कशाला बोलू?

यंदा मात्र त्याचा आवाज पडला होता. "वहिनी, तिला माझं काहीच नको असतं का हो? पुढच्या वर्षीपासून मी पाठवणंच बंद करतो."

मला आंटींचा राग आला. काटकसर वेगळी आणि पोराचं मन मोडणं वेगळं. आता सोक्षमोक्ष लावायचाच, असं ठरवून नाताळाच्या आदल्या दिवशी मी जिन्याखाली गेले. तिथे आंटी येशूच्या जन्माचा गोठा मांडत होत्या. परातीत पेरलेल्या नाचणीचं गवत, त्यांच्या सासूबाईंच्या वेळच्या मातीच्या छोट्या मूर्ती, पुठ्ठ्याच्या भिंती आणि पुठ्ठ्याचंच छप्पर. विकतचं काही नाही. हा गोठा बघायला लांबून माणसं येतात आणि त्यांना तो दाखवायचा मान माझा असतो.

"आलीस? बरं झालं. आतला बल्ब लागत नाही. छप्पर उचल जरा, हळू."

मी छप्पर उचललं. आतल्या बाजूला जाड पेनने पत्ता लिहिलेला होता. आमच्याच सोसायटीचा, गोल गोल अक्षरात. वर नावाच्या जागी नुसतं 'मम्मी'. भिंती वाकून पाहिल्या. त्यांच्याही आतून तोच पत्ता, तेच अक्षर.

"आधी रॉनी स्वतः खोका भरायचा," बल्ब फिरवत आंटी म्हणाल्या. "चिकटपट्टी लावायचा, पत्ता लिहायचा. वाकडीतिकडी पट्टी, पण त्याच्या हातची. आता बटण दाबतो आणि भिवंडीच्या गोदामातून माल येतो. त्याचं बोटसुद्धा त्या मालाला लागलेलं नसतं गं. तो ठेवून मी काय करू?"

माझा राग कुठल्या कुठे गेला.

"आंटी, मी आत्ता फोन करते. दोन ओळी लिहून पाठव म्हणते."

"खबरदार!" त्या ताठ उभ्या राहिल्या. "कुणी सांगून त्याने लिहिलं, तर ते पण मागवलेलंच झालं ना?"

बल्ब लागला. त्यांनी माझ्या हातातून छप्पर घेतलं आणि अक्षरं आत जातील असं नीट बसवलं. तेवढ्यात शेजारच्या सोसायटीतली मंडळी गोठा बघायला आली. एरवी मी पुढे होऊन सगळं वर्णन करते. त्या दिवशी मी गोठ्यासमोर आडवी उभी राहिले.

"लांबून बघा," मी एवढंच म्हटलं. "छपराला कुणी हात लावायचा नाही."