एकविसावा दगड

डोंगररस्त्यावर खड्डे पडल्याची तक्रार आली, तेव्हा आमच्या खात्यानं ती जराही न नाकारता मान्य केली आणि तपासणीची पिकअप सहा इंच उचलली. बैठकीत पर्याय दोनच होते. खड्डे वर आणायचे, नाहीतर गाडी वर न्यायची. खड्डे चारशे बारा निघाले आणि गाडी एक, त्यामुळे वेळ काही लागला नाही.

मी खात्याच्या वर्कशॉपचा मिस्त्री. एकतीस वर्षं गाड्यांखाली झोपून काढली, आठ महिन्यांत सुटणार होतो. स्प्रिंगा मीच बदलल्या. उचललेल्या गाडीला जुनी चाकं लहान दिसायला लागली म्हणून एकतीस इंचांच्या जागी सदतीस इंचांची चाकं आली. साहेब शिडीनं आत चढले, डोंगरावर जाऊन आले आणि म्हणाले, "मिस्त्री, खड्डे बरेच कमी झालेत." त्यांचं खोटं नव्हतं. तेवढ्या उंचीवरून मलाही चार-पाचच दिसले असते.

आता त्या रस्त्याच्या टोकाला वस्ती आहे, वस्तीत दोन खोल्यांचा दवाखाना आहे, आणि त्या दवाखान्यात माझी धाकटी बहीण नर्स आहे. मोठ्या इस्पितळापासून वीस किलोमीटरच्या पुढं असलेल्या दवाखान्याला स्वतःची रुग्णवाहिका मिळते, असा नियम. रस्ता एकवीस पॉइंट सहा. तिनं अर्ज केला, अकरा महिने पाठपुरावा केला, सगळे शिक्के गोळा केले. शेवटचा कागद तेवढा राहिला होता, फेरमोजणीचा. मोजणीला आमची पिकअप गेली आणि रस्ता भरला अठरा पॉइंट एक.

बहिणीचा फोन आला. "दादा, साडेतीन किलोमीटर गेले कुठं? इथं गवंड्याच्या बायकोला सातवा महिना चालू आहे. पहिल्या खेपेला तिचं मूल वाटेतच गेलं. मी तिला शब्द दिलाय, या वेळी गाडी दारात असेल म्हणून."

ते किलोमीटर मीच खाल्ले होते. चाक मोठं झालं की तेवढ्याच रस्त्याला फेरे कमी लागतात, आणि मीटर बिचारा फेरे मोजतो, रस्ता नाही. मी तडक साहेबांकडे गेलो.

"साहेब, रस्ता तेवढाच आहे. चाकं मोठी झालीत."

साहेबांनी समोरचं पत्र माझ्याकडे सरकवलं. रस्त्याची लांबी साडेतीन किलोमीटरनं कमी केल्याबद्दल वरच्या कार्यालयानं खात्याचं अभिनंदन केलं होतं. डोंगर न फोडता आणि एक झाड न तोडता एवढं काम आजवर कुणी केलं नव्हतं म्हणे.

"टेपनं मोजून बघू या," मी म्हटलं.

"टेप खात्याच्या नावावर नाही. गाडी आहे."

पण घोडं दुसरीकडेही अडलं होतं. एवढी चाकं फिरवताना इंजिनाच्या नाकी नऊ येत होते. चढावर पहिला गिअर किंचाळायचा आणि दुसरा जीव सोडायचा. साहेबांनी इंजिन ट्यून करायला सांगितलं. मी पंप खोलून डिझेल वाढवलं. जोर जेमतेम वाढला, धूर मात्र असा निघाला की मागे राहिलेले खड्डे दिसेनासे झाले. अहवालात त्याचीही नोंद झाली, खड्ड्यांच्या रकान्यात.

मग मी लेखी दिलं. इंजिन बिचारं चांगलं आहे, मागच्या गिअरचे, म्हणजे क्राऊन-पिनियनचे, दात बदला. सध्या तीन पॉइंट त्र्याहत्तर आहे, म्हणजे इंजिनाकडून येणारा दांडा पावणेचार वेळा फिरला की चाक एकदा फिरतं. ते चार पॉइंट छप्पन्न करा. गाडी चढ हसत चढेल. आणि आपला मीटर त्या दांड्याचेच फेरे मोजत असल्यामुळे रस्ताही जागेवर येईल. एका दगडात दोन्ही कामं होत होती. मी खूश होतो. एकतीस वर्षांत मला अक्कल आली नाही ती अशी.

गिअर निवडायला समिती बसली. सात जण होते, त्यांतल्या एकानंही गाडीखाली डोकं घातलेलं नव्हतं.

"चार पॉइंट छप्पन्नला रस्ता किती होईल?" साहेबांनी विचारलं.

"बावीस पॉइंट एक."

"आणि तीन पॉइंट त्र्याहत्तरच ठेवला तर?"

"अठरा पॉइंट एक. पण गाडी चढणार नाही."

"मधलं काही?"

"चार पॉइंट दहा मिळतं. पण या चाकांना ते पुरणार नाही, साहेब."

"पुरण्याचं सोडा. रस्ता किती होईल?"

मी बोटांवर हिशेब केला आणि आकडा माझ्याच तोंडातून निघाला. "एकोणीस पॉइंट नऊ."

समितीत समाधान पसरलं. इंजिनाचं थोडं ऐकल्यासारखं झालं, माझंही ऐकल्यासारखं झालं, आणि अभिनंदनाचं पत्रही परत करावं लागणार नव्हतं. गिअरची निवड मिस्त्रीच्या सल्ल्यानं झाली असं लिहून कागद माझ्यापुढं ठेवला. मला बहिणीचा चेहरा दिसत होता. निवृत्तीची तारीखही दिसत होती. मी सही केली. मला लाज वाटली, खरं सांगतो, पण सही नेहमीसारखीच सुबक आली.

आता रस्ता आणि मीटर जुळेनात. मीटर खात्याचा, म्हणून रस्त्यानं जुळवून घ्यायचं ठरलं. कडेचे किलोमीटरचे दगड उपटून मीटरच्या हिशेबानं पुन्हा रोवले. एकोणीस दगड लागले, विसावा आणि एकविसावा शिल्लक राहिले. विसावा ट्रकमधून खाली आणला. एकविसावा आणायचा राहून गेला, तो उपटलेला तसाच रस्त्याकडेला पडून होता.

बहिणीचा अर्ज नामंजूर झाला. शंभर मीटर कमी पडले.

दोन महिन्यांनी एका दुपारी तिचा फोन आला. "दादा, गवंड्याच्या बायकोला कळा सुरू झाल्यात. इस्पितळाच्या दोन्ही गाड्या बाहेर आहेत. तुमची ती उंच गाडी तरी पाठव." मी ड्रायव्हरच्या शेजारी बसून निघालो. एरवी पाऊण तासाचा रस्ता, आम्हाला पावणेदोन तास लागले. मधल्या चढावर गाडी तीनदा बंद पडली. तीनही वेळा मी माझ्या सहीचा गिअर शांतपणे ऐकला.

वेळ वाचावा म्हणून चौघांनी तिला खाटेवर घालून एकविसाव्या दगडापर्यंत खाली आणलं होतं. पण पिकअपचा हौदा माणसाच्या छातीला लागत होता. दोनदा उचलायला गेले, दोनदा ती ओरडली. "ठेवा खाली," बहीण म्हणाली. त्या पडलेल्या दगडाला पाठ टेकून गवंड्याची बायको बाळंत झाली. मुलगी झाली. दोघी वाचल्या, त्यात आमच्या खात्याचा काहीही हात नाही.

जन्माच्या अर्जावर ठिकाण म्हणून बहिणीनं लिहिलं, 'किलोमीटर एकवीस.' अर्ज आमच्याकडे पडताळणीला आला आणि उत्तर गेलं : सदर रस्त्याची लांबी एकोणीस पॉइंट नऊ असल्याने किलोमीटर एकवीस येथे जन्म होऊ शकत नाही, सबब नोंद करता येत नाही. एकविसावा दगड मात्र दुसऱ्याच दिवशी आणवला. साहेबांच्या शिडीची एक पायरी मोडली होती. ते आता त्या दगडावर पाय देऊन गाडीत चढतात.

मुलगी आता रांगते. कागदावर ती अजून जन्मायची आहे. बहीण म्हणते, "दादा, खरं अंतर एकदा लिहून दे. आता तर तू सुटलास." मी कागद घेऊन बसलो होतो. पण फाइलीतल्या पहिल्या पुराव्यासमोर माझं कोण ऐकणार?

तुम्ही म्हणाल, त्या मिस्त्रीनं सही करायलाच नको होती. बरोबर आहे तुमचं. पण मागच्या सुट्टीत तुम्ही घरच्यांना घेऊन वर डोंगरावर गेला होतात. एकोणिसाव्या दगडाशी उभं राहून फोटो काढलात, आणि विश्रामगृहाच्या अभिप्रायवहीत लिहिलंत, 'रस्ता फारच सुधारला. पूर्वीपेक्षा लवकर पोचलो.' ते पान फाइलीला जोडलेलं आहे. सगळ्यात वरची सही तुमची आहे, माझी तिच्या खाली.