कोणत्या व्हिशावर आलाव?

दिंद्रुडच्या फाट्यावर सोपानआण्णांची रसवंती आहे. तिथं बाकड्यावर टेकलात की चरक फिरायच्या आधी तुमच्या अंगावर एक प्रश्न येतो. "कोणत्या व्हिशावर आलाव?"

नवखा माणूस गडबडतो. माजलगावला लग्नाला चाललोय, म्हणतो.

"ट्रान्झिट," आण्णा मान हलवतात. "बसा. लिंबू टाकू का?"

आण्णांच्या लेखी गावात शिरणारा प्रत्येक जीव कुठल्या ना कुठल्या व्हिसावर असतो. ग्रामसेवक व्हिजिटर, सिंगल एंट्री. मतं मागायला येणारे पुढारीही व्हिजिटर, "निकाल लागला की मुदत खलास." बीडला क्लास लावलेली पोरं स्टुडंट व्हिसावर. सासरवाडीला येऊन राहिलेला एक जावई रोज संध्याकाळी रसवंतीवर बसतो, त्याला आण्णा चारचौघांत डिपेंडंट म्हणतात. "काम करायची परवानगी हाय बे तुला. तूच करीत न्हाईस." जावई हसतो आणि उधारीचा ग्लास तोंडाला लावतो.

यातून सुटका फक्त एका माणसाची. आण्णांची थोरली बहीण सीताआत्या, नवरा गेल्यावर माहेरी परत आली, त्याला उभा जन्म झाला. कुणी चेष्टेत जरी तिचा व्हिसा विचारला, तरी आण्णा चरक थांबवतात. घुंगरू गप्प होतात. "आक्काचा पीआर हाय. कायमचा मुक्काम. त्यावर बोलायचं न्हाई."

मी ऊसतोड कामगारांच्या संघटनेत काम करते. पत्रकं लिहिते, वाटते, आणि पत्रक घेऊन न वाचता चुरगाळणाऱ्याच्या मागे जाऊन ते त्याला तोंडी ऐकवते. आण्णांची नि माझी गाठ पडली ती अशाच कामात. बीडच्या बसस्टँडसमोर परदेशी नोकरीच्या हमखास पाट्या लावून एजंट बसले होते. गावाकडची पोरं जमिनी गहाण ठेवून त्यांच्या पायऱ्या झिजवत होती, आणि सगळं शहर ते शांतपणे बघत होतं. म्हणून मी पत्रक काढलं. मथळा होता, 'व्हिसाच्या नावाखाली चाललेली लूट बंद करा'. टोपी घातलेल्या एका उंच म्हाताऱ्यानं ते उभ्या उभ्या सगळं वाचलं आणि पालथं केलं.

"मागची बाजू कोरी कावून?"

"कागद तेवढाच होता."

"पुढं लिवलंय कुठं जाऊ नगा. मागं लिवायचं ना, मग जावं कसं."

मला राग आला. एजंट कसा फसवतो ते मी त्यांना समजावून सांगायला लागले. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"एजंट म्हंजे मुकादमच की पोरी. जन्म गेला माझा मुकादमापायी. म्हणून तर बिनमुकादमाचं जायचं बगतोय."

मुकादम काय चीज असते हे आमच्याकडं सांगावं लागत नाही. तो आधी पैसे देतो, त्याला उचल म्हणतात. मग ती उचल फिटेपर्यंत नवरा-बायकोची जोडी त्याच्या ताब्यात. त्या जोडीला नावसुद्धा माणसाचं नाही, हत्याराचं आहे. एक कोयता. आण्णा आणि काकू असा एक कोयता दसरा झाला की निघायचा आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की परत यायचा. काकू गेल्या. आण्णांनी कोयता खाली ठेवला आणि रसवंती टाकली. "अर्धा कोयता कोण नेतंय," म्हणाले.

त्यांची एकुलती लेक रेखा नर्स आहे. शिकली, कॅनडाला गेली, तिथं कायमची झाली. आता तिला दिवस गेले होते, आणि आण्णांना तिच्याकडं जायचं होतं. एवढी साधी गोष्ट. पण आण्णांची अट होती. जायचं तर राहायला जायचं, भेटायला नाही.

त्या अटीपायी या माणसानं काय काय डोकं चालवलं ते ऐका. आधी स्टुडंट व्हिसा. "माझी शाळा सातवीत सुटली. तिकडं आठवीला बसतो. पोरं हसतील, हसू दे." मग काम. तिकडं एका झाडाला भोक पाडून गोड रस काढतात असं त्यांनी कुणाच्या तरी मोबाईलवर पाहिलं होतं. "रस काढायला मानूस लागत आसंल की. मला त्यात काय शिकवायचं ऱ्हायलंय?" मग धंदा. हा बेत तर त्यांनी मला चरक बंद करून ऐकवला. कॅनडात रसवंती टाकायची. "हितं निम्मा पैका बर्फात जातोय. तिकडं बर्फ दारात पडलेला."

"आणि ऊस?"

आण्णांनी चरक पुन्हा सुरू केला. "त्याचं बगू," म्हणाले.

रेखा फोनवर रडकुंडीला यायची. "ताई, तुम्ही तरी सांगा. व्हिजिटर टाकू म्हणते मी. सहा महिने राहता येतं, लवकर होतं. ऐकतच नाहीत."

मी सांगितलं. एकदा नाही, भेटेल तेव्हा सांगितलं. लोक त्या शिक्क्यासाठी घरदार विकतात, तुम्हाला लेक मागून देते आणि तुम्ही नको म्हणता, हा शुद्ध माज आहे, असंही म्हणाले. मी स्पष्ट बोलते.

"सहा म्हयने न्हाई," आण्णा म्हणाले. "सहा म्हयने सोडून बोल."

हे बोलणं त्यांच्या घरी चाललं होतं. आत्यांनी चहा आणला. मला कपबशीत, बशीला निळी फुलं. आण्णांना पोचे पडलेल्या स्टीलच्या ग्लासात. त्यांचा तो गिलास. दुसऱ्या कशात चहा ते पीत नाहीत. एकदा सोयरिकीच्या बैठकीत पाहुण्यांनी त्यांना मानानं कपबशी दिली, तर आण्णांनी नवरदेवाच्या बापाला उठवून गिलास आणायला लावला होता. सोयरीक होता होता राहिली. मी हे सगळं विक्षिप्तपणाच्या खात्यात टाकून मोकळी झाले होते.

शेवटी पत्रकाच्या कोऱ्या बाजूचा मला राग येत राहिला म्हणून म्हणा, मी हुडकायला बसले. आईबापाला कायमचं बोलवायची एक वाट होती, पण तिथं सोडत निघणार, आणि कधी निघणार ते त्या सरकारलाच ठाऊक. दुसरी वाट होती सुपर व्हिसा. खास आईबाप नि आजीआजोबांसाठी. एका मुक्कामात पाच वर्षांपर्यंत राहता येतं. लेकीचा पगार त्यांनी ठरवलेल्या रेषेच्या वर हवा, विमा हवा, डॉक्टरी तपासणी हवी. रेखाचा पगार नुकताच त्या रेषेच्या वर गेला होता.

"सुपर?" आण्णांना संशय आला. "हे खताच्या गोणीवर आसतंय."

"पाच वर्षं, आण्णा."

ते उठले, चरकाला ऊस लावला, कुणी गिऱ्हाईक नसताना रस काढला आणि माझ्यापुढं ग्लास ठेवला. "पाच वर्सांत लेकरू साळंत जातंय," एवढंच म्हणाले.

अर्ज भरताना एक विनंतीपत्र जोडायचं होतं. मुदत संपली की हा माणूस परत येईल, असा भरवसा त्यातून वाटायला हवा. आण्णांनी सांगितलं, मी लिहिलं. शेत आहे, घर आहे, बहीण आहे, रसवंती आहे. "आनि लिही, कुनाची उचल अंगावर न्हाई."

"आण्णा, त्यांना उचल कळणार नाही."

"न कळायला काय झालं? परत येनार का न्हाई, हेच इचारतेत ना ते? उचल बुडवून पळनारा मानूस येगळा आन् मी येगळा. लिही."

लिहिलं. त्यामुळे कॅनडा सरकारच्या कुठल्या तरी दप्तरात आज इंग्रजीत नोंदलेलं आहे की अर्जदाराने कोणत्याही मुकादमाकडून आगाऊ रक्कम घेतलेली नाही.

आता राहिले बोटांचे ठसे. त्यासाठी पुण्याला व्हिसाच्या केंद्रात जायचं होतं, आणि आण्णा पहिल्यांदा घाबरले. त्यांचा अंगठा रेशनच्या मशीनवरही उठत नाही. आयुष्यभर कोयता धरलेले, उसाच्या पाचटानं कापलेले हात. रेषा राहतील कशा? आमच्या गावांत किती बायाबापड्या रेशनच्या दुकानात अंगठा केसांत घासून घासून पुन्हा लावतात, आणि दुकानदार 'तुमचंच बोट खराब' म्हणून परत पाठवतो. बोट खराब नाही, व्यवस्था खराब आहे, असं एक पत्रक माझ्या नावावर आहे. पण पत्रकानं ठसा उठत नाही.

इलाज आत्यांनी केला. रोज संध्याकाळी खोबरेल तेलात हळद कालवून त्या भावाची दहाही बोटं चोळत बसायच्या. पुण्याला निघतानासुद्धा वरून एक हात मारला. परिणाम असा झाला की आण्णांनी काचेवर हात ठेवला आणि काच पिवळी झाली. काउंटरवरच्या मुलीनं ती पुसली. पुन्हा पिवळी. तिनं त्यांना साबणानं हात धुऊन यायला सांगितलं. ते धुऊन आले, तेल गेलं, हळद राहिली, आणि ठसा काही उमटेना. अंगठा, तर्जनी, पुन्हा अंगठा. पडद्यावर नुसता करडा डाग.

माझा तोल गेला. "ज्या हातांनी या राज्याची साखर..."

"पत्रक मागनं वाट," आण्णा वळूनही न बघता म्हणाले.

ती मुलगी बरी होती. तिनं आण्णांना कोमट पाण्यानं हात धुऊन कोरडे करायला लावले, जरा बसू दिलं, मग एकेक बोट स्वतः हलकं दाबून धरलं. बोलता बोलता तिनं विचारलं, "काका, एवढा खटाटोप कशाला? सहा महिन्यांचा साधा व्हिसा नसता का पुरला?"

"सहा म्हयनेच दिले हो तिला," आण्णा म्हणाले. "दरसाल."

मुलीला काही कळलं नाही. पडद्यावर रेषा उमटल्या, पुसट, पण रेषा. एक अंगठा शेवटपर्यंत रुसला. तिनं तशी नोंद केली आणि चालेल म्हणाली.

बाहेर पायरीवर बसून आण्णा आपले पिवळे हात बघत होते. मग आपणहून सांगायला लागले.

"रेखी आक्काजवळ ऱ्हायची. आमी दसऱ्याला जायचो ते चैताच्या पुढं यायचो. एका साली आलतो, वसरीत टेकलो. ही एवढीशी. आतून चहा घेऊन आली. कपबशीत. दोनी हातानी धरून, सांडू न देता. आमच्यात पाव्हन्यालाच कपबशी. मी म्हनलं, रेखे, माझा गिलास कुठाय? तर ती मागं वळून आक्काला इचारती, आत्या, हे किती दिवस राहनारेत?"

"लहान होती, आण्णा."

"व्हय. ल्हानच व्हती." त्यांनी पिवळे हात पालथे केले. "आता रेखीच्या लेकराला तरी कुनाला तसं इचारायला लागू नये. बास."

ऊसतोड कामगारांच्या मुलांचे होणारे नुकसान, हे वाक्य मी किती पत्रकांत लिहिलंय ते आठवत नाही. त्याच्यापुढं मी नेहमी शिक्षण, आरोग्य, पोषण असं लिहिते. निळ्या फुलांची ती कपबशी त्यात कुठंच बसत नाही.

व्हिसा आला. आण्णांनी गावाला फुकट रस पाजला आणि त्या घरजावयालाच चरकाला जुंपलं. "आता तुजा वर्क परमिट," म्हणाले. गल्ला मात्र आत्यांकडं. भाऊ परदेशी चालल्यावर तुमचं कसं, असं मी आत्यांना विचारलं, तर त्यांनी पदर खोचला. "माझं काय व्हायचंय? माझा पीआर हाय हितं."

निघायच्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. बॅग उघडी होती. शेंगदाण्याची चटणी, खारीक, आत्यांनी शिवलेली बाळाची दुपटी, आणि सगळ्यांच्या वर धडप्यात गुंडाळलेला तो पोचे पडलेला ग्लास. तेवढ्यात रेखाचा व्हिडिओ फोन आला. आण्णांनी मोबाईल लांब धरून बॅगेवरून फिरवला.

"ते काय वर? ग्लास का?" रेखा हसली. "तो कशाला आणताय, आण्णा? तुमचा घेऊन ठेवलाय मी. सकाळीच घासून मांडणीवर लावला."

आण्णांनी मोबाईल आत्यांच्या हातात दिला, बॅगेतला ग्लास काढला, धडपं सोडलं, आणि त्यात पातेल्यातला चहा ओतून माझ्यापुढं केला.

"हा हितंच राहू दे, आक्का," ते म्हणाले. "ही येत-जात आसती."