डॉक्टरांचा दुखवटा

"कोन मरनं तुम्हनं?" हिंमतरावांनी दारात उभ्या उभ्याच विचारलं.

डॉक्टर रूबेन नागावकर त्यांचे भाडेकरू. म्हसावदला गुरांचे डॉक्टर, मूळचे अलिबागकडचे बेने इस्रायली. रोज संध्याकाळी पेटी वाजवणारा माणूस. पण तीन आठवडे पेटीवर चादर आणि तोंडावर दाढी. इकडे हिंमतरावांच्या मुलाची, ललितची हळद आठ दिवसांवर आलेली. हळदीला डॉक्टर पेटी वाजवणार, असं हिंमतराव व्याही चुनीलालांना सांगून बसले होते. डॉक्टरांना न विचारता.

"घरातलं कोणी नाही, काका. वल्हांडण हा आमचा सण झाला की आम्ही दिवस मोजतो. त्या दिवसांत दुखवटा असतो. रब्बी अकिवा म्हणून गुरू होते, त्यांचे चोवीस हजार शिष्य साथीत गेले. तेहतिसाव्या दिवसापर्यंत गाणं-बजावणं नाही, दाढीला वस्तरा नाही."

"कव्हय गयात?"

"झाली असतील अठराशे-एकोणीसशे वर्षं."

"अठराशे वरीस! मंग तेरावं कव्हय करतस?"

"लग्नाला येईन, पंगतीत वाढीन. पेटी तेवढी नको, काका."

हिंमतरावांनी हे गावभर केलं. "ज्यास्ना मुडदा कोनी दखा नही, त्यास्नासाठे रडी ऱ्हायना! अन् मन्हा पोरनी हळद सुनी!" शहाद्याहून डीजे आला आणि त्याचे भोंगे मुद्दाम डॉक्टरांच्या खिडकीकडे तोंड करून लागले.

हळदीच्या दिवशी सकाळी प्रकाशाहून चुलतभाऊ पितांबरचा फोन आला.

"भाऊ, आबा गयात."

सुकलाल आबा म्हणजे पितांबरचे वडील, हिंमतरावांचे सख्खे चुलते. एकदा हळद लागली की सुतक धरत नाहीत; पण ती अजून लागलेली नव्हती. म्हणजे सुतक. म्हणजे लग्न पुढे आणि चुनीलालांसमोर तोंड काळं.

"पितांबर, पाया पडस तुन्हा. कोनले सांगू नको. भाऊबंद बठा अठे हळदले ई ऱ्हायनात. मळामाईन गुपचूप तापीवर ली जाय. हळद लागी गई का मी येसच."

याला चूक म्हणणारा गाढव, असं त्यांनी स्वतःला बजावलं. हिंमतरावांनी फोन बंद केला, गव्हाच्या कोठीत टाकला आणि डीजेवाल्याला हात केला.

"कोना फोन व्हता?" भिकुबाईंनी विचारलं.

"कंपनीना!" ते बायकोवर खेकसले.

दुपारी चारला डॉक्टर आले. मंडपाबाहेरच थांबले. अंगावरचे कपडे ओले.

हिंमतरावांच्या हातात माइक होता. "उनात, उनात! अठराशे वरीसना दुखवटावाला उनात! या डॉक्टर, नाचा मन्हासंगे!" अख्खा मंडप खिदळला.

डॉक्टरांनी खुणेनं बोलावलं. हिंमतराव माइक घेऊनच बाहेर गेले. डॉक्टरांनी आधी त्याचं बटण बंद केलं.

"काका, तुमचा फोन लागत नाही. पितांबरकडे म्हैस अडली होती म्हणून प्रकाशाला गेलो होतो. सुकलाल आबा गेले. उचलायला तिघंच होते. चौथा खांदा मी दिला. भाऊबंद कुठायत विचारलं, तर पितांबर खालीच बघत राहिला." डॉक्टरांचा आवाज उतरला. "तुम्हाला कळलं नसणार, म्हणून तुमच्या नावाची एक गवरी ठेवून आलो चितेवर. राग नका मानू."

खरं बोलायची एवढीच संधी होती.

"माले... आतेच समजनं," ते म्हणाले.

डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "थांबवू या का वाजप? मी सांगतो लोकांना."

"नही! हळद लागनी ना आते."

"बरं. मी आत येत नाही, स्मशानातून आलोय," असं म्हणून डॉक्टर आपल्या खोलीकडे, त्या भोंग्यांसमोर, निघून गेले.

तेवढ्यात चुनीलाल धावत आले आणि हिंमतरावांचा दंड धरून त्यांना नाचणाऱ्यांत ओढत घेऊन गेले. हिंमतराव नाचले. नाचता नाचता त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. पुसाव्यात, तर हात चुनीलालांनी वर धरलेले.

"दखा, दखा! व्याही खुशीमा रडी ऱ्हायनात!" चुनीलाल ओरडले. पोरांनी मोबाइल वर केले.

संध्याकाळी तो व्हिडिओ भाऊबंदांच्या ग्रुपवर पडला. चाळीस जणांनी अंगठे दिले, फुलं टाकली. पितांबरनं काही टाकलं नाही. त्यानं फक्त बघितला होता.