मास्तरांची करवंदाची जाळी

आमच्या शेजारचे मास्तर करवंदाच्या जाळीकडे कधी पाठ करत नसत. पाणी घालून झालं की रिकामी झारी छातीशी धरून ते उलटे चालत घरात जायचे. वाटेत तुळशीवृंदावन होतं. त्यावर आपटून त्यांची एक टाच कायम सुजलेली असे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "त्याला कारण आहे." कारण मात्र सांगायचे नाहीत.

मी लग्न होऊन नाशकात पंचवटीत आले, ते साल तीस-बत्तीस असेल. मास्तर शाळेत ड्रॉइंग शिकवून पेन्शनीत निघालेले, विधुर, एकटेच राहणारे. लोक परसात मोगरा लावत, अळू लावत. यांनी रानातली काटेरी जाळी वाढवली होती. बारा महिने हिरवीगार, डोक्याच्या वर गेलेली आणि भर दुपारीही आतून काळोखी. दारात काटा असला की घरात भांडणं होतात, असं माझ्या सासूबाईंनी त्यांना एकदा ऐकवलं. मी भांडू कोणाशी, असं त्यांनी शांतपणे विचारलं.

छाटणीआधी ते जाळीला वर्दी देत, की कात्री येतेय, सांभाळून. बुंध्याशी तर त्यांनी एकेक काटा चिमट्याने काढून एक बुटकी कमान केली होती. मांजरासाठी का, म्हणून मी विचारलं. त्यालाही कारण होतं म्हणे.

वैशाखात सासूबाईंना लोणच्यासाठी कच्ची करवंदं हवी होती. मी टोपली घेऊन गेले. मास्तर ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. त्यांनी मानेनेच परवानगी दिली. ऊन रणरणत होतं, पान हलत नव्हतं. चिकानं बोटं चिकटत होती. आणि जाळीच्या आत, माझ्या कमरेच्याही खाली, कुणीतरी हसलं. लपलेलं मूल तोंडावर हात दाबून हसतं, तसं. वाकून पाहिलं तर आत नुसता पाचोळा.

टोपली तिथेच टाकून मी ओसरीवर आले आणि ऐकलं ते सांगितलं. मास्तर दचकले नाहीत. अडकित्ता खाली ठेवून त्यांनी हळूच विचारलं, "हसली ना, सूनबाई? रडत नव्हती ना?"

"हसली," मी म्हणाले.

मग ते बोलले. त्यांची मुलगी यमू पाच वर्षांची असताना त्यांच्याबरोबर त्र्यंबकच्या डोंगरावर करवंदं तोडायला गेली होती. मास्तरांनी क्षणभर पाठ वळवली, तेवढ्यात ती एका जाळीआड गेली. गावकऱ्यांनी आठ दिवस रान धुंडाळलं. ती सापडली नाही. त्याच जाळीची फळं आणून त्यांनी बी रुजवलं होतं.

"वीस वर्षं कान लावून बसतोय," ते म्हणाले. "मला काहीच ऐकू येत नाही."

दुसऱ्या दिवसापासून माझी दुपारची भांडी घासून झाली की ते कुंपणापाशी येऊन उभे राहत. मी जाळीजवळ जाऊन कान देत असे. ते हसू मला पुन्हा कधी ऐकू आलं नाही. ते गेले तोवर सात वर्षं मी रोज परत येऊन त्यांना सांगत होते, "आजही हसली, मास्तर."